शेवंतीकाकूच्या हिरव्या कानटोप्या

अंधेरीच्या त्या चाळीत शेवंतीकाकूएवढी संशयी बाई दुसरी नव्हती. दूधवाल्याने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला तरी हिच्या कपाळाला आठी. पण गंमत बघा, थंडी पडली की चाळीतल्या आया आपली पोरं फिरायला न्यायला तिच्याच हवाली करायच्या. संशयी माणसाच्या हातून पोर हरवत नाही, असा त्यांचा हिशोब.

सदुसष्टच्या सुमारास, कुठल्याशा पुलाच्या पायात पुरायला पोरं पळवतात, अशी आवई उठली होती. ज्याच्या त्याच्या मेहुण्याने म्हणे ती टोळी पाहिलेली! शेवंतीने मग युक्ती काढली. एकाच रंगाची लोकर आणून सगळ्या पोरांना हिरव्या कानटोप्या विणल्या, डोळे आणि नाक तेवढं उघडं. लांबून टोप्या मोजल्या की झालं. तिचा स्वतःचा लवू त्यांत सगळ्यांत धाकटा.

जानेवारीतल्या एका रविवारी ही सगळी पलटण वर्सोव्याहून होडीने मढला गेली. वाऱ्याने दात वाजत होते. किनाऱ्यावर सगुणा नावाची एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिने लवूला जवळ घेऊन नाव विचारलं, हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. झालं! शेवंतीने तो तुकडा वाळूत टाकायला लावला आणि मोठ्या मुलांना बजावलं, त्या बाईपासून लांब राहा. फुकट खायला कोण देतं हो, काही मनात असल्याशिवाय? सगुणाचा एवढासा नातूही तिथेच होड्यांच्या आडोशाला खेळत होता. पण शेवंतीची नजर कोळणीच्या हातांवर. पोरं आपसांत काय करताहेत ते बघायला कोणाला सवड!

उन्हं उतरली, गारठा वाढला. शेवंतीने टोप्या मोजल्या. बरोबर भरल्या. होडीच्या आडोशाला हिरवी टोपी घालून झोपलेलं पोर तिने शालीत गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि बाकीच्यांना हाकत धक्क्याची वाट धरली.

वाटेत मागे बघते तर ती कोळीण मागावर. छातीशी फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं, आणि धावतच येत होती. शेवंतीने पोरांना पाय उचलायला लावलं, खांद्यावरच्याला घट्ट आवळलं. धक्क्यावर पोचली, तर होडी अजून पलीकडेच. सगुणा धापा टाकत समोर उभी राहिली.

"माझ्या पोराक हात लावशीत तर बघ," शेवंती म्हणाली.

सगुणाने फडकं बाजूला केलं. आत लवू, उघड्या डोक्याचा, झोपेतून उठून रडवेला झालेला.

"ह्यो तुजा," ती म्हणाली. "आता माजा दे."

शेवंतीने खांद्यावरच्या पोराची टोपी वर सरकवली. तोंड परकं होतं. लोकर डोक्याला चावते म्हणून लवूने टोपी कोळणीच्या नातवाला देऊन टाकली होती. बदल्यात घेतलेले शिंपले अजून त्याच्या मुठीत होते.

शेवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगुणाने नातवाचे हातपाय चाचपले, कुठे लागलंय का ते पाहिलं, आणि मग शेवंतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती नजर शेवंतीच्या चांगल्याच ओळखीची होती. सकाळपासून ती स्वतःच तशी बघत होती. सगुणाने टोपी लवूच्या हातात दिली आणि नातवाला घेऊन निघून गेली.

होडीत बसल्यावर शेवंतीने सगळ्यांना टोप्या काढायला लावल्या. पोरं कुडकुडली, कुरकुरली. तिने एकेकाची हनुवटी धरून तोंड पाहिलं, नाव घेतलं, आणि मगच टोपी परत चढवली. लवूचं तोंड तिने दोनदा पाहिलं.