पूजलेला सिलिंडर

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दवाखान्यात खाट हवी असायची ती खिडकीपाशीच. फुप्फुसं थकलेली. पावसाळा सरत आला की दम उसळायचा, आणि मी त्यांना प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात घेऊन यायचे. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातून मागचं उसाचं रान दिसतं, म्हणून खिडकी. "दिसभर भितीकडं बघाया मी काय पाल हाय व्हय?" असं ते सिस्टरला विचारायचे. सिस्टर हसायची आणि खाट द्यायची.

गेल्या वर्षी खंडेनवमीला आम्ही तिथेच होतो. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. घरी असते तर आबांनी खुरपी, कोयते, पाण्याची मोटार, ट्रॅक्टर असं सगळं धुऊन पुसून ओळीने मांडलं असतं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. दवाखान्याची तऱ्हाही तीच. वॉर्डातले मामा, म्हणजे पेशंटला उचलण्या-ठेवण्यापासून सगळी कामं करणारे गृहस्थ, सकाळपासून फडकं घेऊन फिरत होते. ईसीजीचं यंत्र, जनरेटर, खाली उभी असलेली ॲम्ब्युलन्स, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचे हार. आबांच्या नाकाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या यंत्रावरही एक फूल आलं. "चला, आमचीबी पूजा झाली," आबा म्हणाले.

सगळ्यात थाट होता तो भिंतीवरच्या लाल सिलिंडरांचा. आग विझवायचे ते. गेटला मारून उरलेला ऑइलपेंट मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत मारला होता, दोन हात मारला होता. मुठीला, पिनेला, नळीच्या तोंडाला, कुठे म्हणून जागा सोडली नव्हती. वर ठसठशीत कुंकू. "दिसत्यात का न्हाई नव्यावानी?" त्यांनी मला विचारलं. दिसत होतेच.

दुपारी जेवणं झाली होती. आबांच्या उशाशी कूलरचा बोर्ड होता. तिथून आधी रबर जळाल्याचा वास आला, मग तडतड झाली, आणि कूलरचं गवत भसकन पेटलं. मी ओरडले. मामा धावत आले आणि सिलिंडरपुढे क्षणभर थबकले. मग त्यांनी हात जोडले, हार काढून बाजूला ठेवला, तेव्हा कुठे सिलिंडर उचलला. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. आग खिडकीच्या पडद्याला लागत होती आणि ते पूजलेली वस्तू हलवण्याबद्दल माफी मागत होते. मला त्यांचा अजूनही राग येत नाही, आणि येत नाही याचाच राग येतो.

पीन निघेना. रंगाने ती मुठीला अशी चिकटून बसली होती की मामांनी ओढली, पिळली, शेवटी दातांनी ओढली. निघाली तेव्हा मूठ दाबली, तर आतून सायकलची हवा सोडल्यासारखा एक फुसका आवाज आला. बस्स. दुसऱ्या सिलिंडरची पीन निघालीच नाही.

सिस्टरने मेन स्विच बंद केला. तिचं बरोबरच होतं. पण आबांचं यंत्रही विजेवरच चालायचं. ते थांबलं. धुरात मला आबांचं तोंड दिसलं. ते उघडत होतं, मिटत होतं, आणि आत काही जात नव्हतं. ते मला "आगं" एवढंच म्हणाले. जन्मात इतकी घाबरले नसेन. मामांनी आणि आणखी दोघा नातेवाइकांनी त्यांना चादरीच्या झोळीत घातलं आणि जिन्याने खाली आणलं. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनची टाकी होती, तिच्या ड्रायव्हरने हाराबिराचा विचार न करता ती उघडली. आबांच्या काळ्यानिळ्या ओठांवर रंग परत येईपर्यंत मी त्यांचे तळवे चोळत बसले होते. वर लोकांनी ओल्या चादरी टाकून आग विझवली. आबांची गादी खिडकीकडच्या बाजूने जळाली होती.

संध्याकाळी मी त्या न उघडलेल्या सिलिंडरचा रंग पदराच्या पिनेने खरवडला. आत छोटी तबकडी निघाली. हिरव्या पट्ट्यात काटा असला की सिलिंडर भरलेला, एवढं तिच्याकडे पाहून कुणालाही कळावं. काटा तळाला होता. बाजूला तपासणीचा कागद चिकटवलेला होता, त्यावरही रंग. कधी भरला होता, कुणी पाहिला होता, देवाला माहीत. मामा शेजारी उभे होते. "लई जीव लावून रंगवलं हुतं ओ," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मी खाली जाऊन डॉक्टरांशी भांडले. चांगली कडाकडा भांडले. ते शांतपणे म्हणाले, "भरून घेतो, ताई. माणूस यायचाच आहे. शेवटी कुणाला काही झालं नाही ना?"

झालं होतं. आबा त्यानंतर घरीही दार लावून झोपेनात. पण ते कुठल्या कागदावर येणार?

यंदा दसरा झाला आणि त्यांना पुन्हा दम लागला. नगरपर्यंत पोचू असं वाटेना. जवळ दवाखाना म्हणाल तर हाच. जिना चढताना मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण करणार काय? वॉर्डात कूलरच्या जागी नवा एसी होता, भिंतीला नवा चुना होता. सिलिंडर लालभडक होते आणि त्यांच्यावर सुकलेले झेंडूचे हार होते. खिडकीची खाट भरलेली होती. सिस्टर आबांना ओळखून म्हणाली, "बाबा, उद्या खिडकी मोकळी करून देते."

"नगं," आबा म्हणाले. "मला हितंच दाराशी टाका."

त्यांना ऑक्सिजन लावून झाल्यावर मी पदराची पीन काढली आणि जवळच्या सिलिंडरचा रंग खरवडला. काटा गेल्या वर्षी होता तिथेच, तळाला. "अहो ताई, नवा रंग कशाला खराब करताय?" सिस्टर म्हणाली.

खिडकीपाशी एक म्हातारे ऑक्सिजनवर होते आणि त्यांची मुलगी मोसंबी सोलत बसली होती. तिने आमचं बोलणं ऐकलं असावं. ती अदबीने म्हणाली, "ताई, तुमच्या बाबांना हवी असेल तर खाट बदलून घ्या की. इकडं उजेड लई छान हाय."

आबांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली आणि मला म्हणाले, "तिला सांग."

मी सांगितलं. सिलिंडरपाशी नेऊन काटाही दाखवला. तिने हातातली मोसंबी खाली ठेवली, वडिलांकडे पाहिलं आणि मग दार किती लांब आहे ते पाहिलं. दाराशी एकच खाट होती, आणि तीवर माझे वडील झोपले होते.