जुन्या ड्रायव्हरमधलं भोक

ज्या वर्षी बीटी कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली, त्या वर्षी सोनाळ्यातल्या माझ्या दुकानात नुकसानभरपाईचे ऑनलाइन अर्ज भरायला रांग लागायची. अर्जांच्याच कॉम्प्युटरवर मी लग्नपत्रिका करायचे, म्हणून एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं. बसवणारा मेकॅनिक ओळखीचा होता. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, त्यानं जुनाच टाकला. "चालते ना ताई, काऊन बदलता?"

दुरुस्तीला आला की मी त्याला साधं खातं उघडून द्यायचे. त्यातून माझ्या फायली दिसत नसत. तरी तो येऊन गेल्यावर एका सकाळी पाठवायच्या राहिलेल्या अर्जांचा अख्खा फोल्डर गायब. आठवड्यातच त्यानं स्टँडजवळ अर्ज भरायचं स्वतःचं दुकान टाकलं आणि गावात पसरवलं की बाईनं तुमचे कागद विकले.

शेजारचे चाचा दारात येऊन उभे राहिले. "काय केलं वं पोरी माह्या कागदायचं?" अर्जाची मुदत टळून गेली होती. त्या मेकॅनिकला सोडायचं नाही, एवढं तेव्हाच ठरलं.

बुलढाण्याला माझ्या कॉलेजच्या सरांनी कॉम्प्युटर तपासला. म्हणाले, "ड्रायव्हरले मशीनच्या गाभ्यापर्यंत जायची मुभा असते. त्यात भोक असलं की साध्या खात्यातला माणूसही मालक होते." त्यांनी जुना ड्रायव्हर समूळ काढला, कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा घेतला, अर्जांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायला लावली आणि मशीनवर होणाऱ्या प्रत्येक हालचालीची नोंद सुरू केली.

मग मी मेकॅनिकला गोड आवाजात फोन केला. "नवे अर्ज येऊन राह्यले, मशीन अटकते. येता का?"

तो आला. त्याला साधं खातं उघडून दिलं आणि चहाच्या निमित्तानं बाहेर पडले. परतले ती चाचा आणि चार शेतकऱ्यांना घेऊनच. त्याचा पेनड्राइव्ह लावलेला, पडद्यावर एकच सूचना पुन्हा पुन्हा: परवानगी नाही. तो पेनड्राइव्ह ओढायला गेला, तर चाचांनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे बे, पोलीस काढतीन."

पोलिसांना त्यात आमचे जुने अर्ज सापडले. त्याचं दुकान बंद पडलं. चाचांची भरपाई मात्र गेली ती गेलीच.

पुढे त्याची बायको माझ्याकडे रदबदलीला आली. मी तिला पाणी दिलं, तक्रार मागे घेतली नाही. संग्रामपूर तालुक्यातल्या ज्या ज्या दुकानात त्यानं कार्ड बसवलं होतं, तिथे स्वतः जाऊन ड्रायव्हर बदलून दिले आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव घेऊन त्यानं काय केलं ते सांगितलं. फार बरं वाटलं.