मेला म्हणजे नक्की कोण

बाईंच्या जगात सगळंच मेलेलं होतं. मेली सुई, मेला धागा, अर्ध्यावर अडकणारी मेली चेन आणि पोट सुटल्यावर पॅंटला दोष देणारं मेलं गिऱ्हाईक. कापडाच्या दुकानात, कपडे घालून बघायच्या खोलीला लागून त्यांचं मशीन होतं. तिथे बसून त्या दिवसभर लोकांचे कपडे आखूड, सैल, तंग करत आणि मशीनच्या तालावर साऱ्या सृष्टीचा उद्धार करत. त्यात राग नसे. बाकीची माणसं श्वास घेतात तशा त्या ‘मेला’ म्हणत.

मुलगी लग्न होऊन लांब गेली. फोन यायचा, पण ‘जेवलीस का’, ‘जेवले, तू?’, ‘मी पण’, ‘बरं, ठेवते’ असं दोघी एकमेकींची हजेरी घ्यायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. मग एकदा माहेरी आली असताना मुलीने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बंदुकांचा एक खेळ घालून दिला. पाच जणांची टोळी विरुद्ध पाच जणांची टोळी. मुलगी, जावई आणि जावयाचे दोन मित्र असे चौघे होते. पाचवा कुणी टिकत नव्हता, म्हणून बाई पाचव्या झाल्या. संध्याकाळी दुकानातून येऊन कानाला हेडफोन लावला की मुलगी तासभर जणू शेजारी येऊन बसे. आई, मागे बघ. आई, खाली वाक. आई, ती भिंत आहे, तिने तुझं काय केलंय?

अडचण एकच होती. शत्रू पडला की ज्याने पाहिलं त्याने ‘मेला’ म्हणून बाकीच्यांना कळवायचं, अशी टोळीची रीत होती. आणि बाईंना जिवंत शत्रू दिसला की त्या कळवत, “मेला जिन्याखाली बसलाय.” ‘मेला’ कानावर पडताच बाकीचे निर्धास्त होऊन जिन्याकडे धावत आणि जिन्याखालचा मेला त्यांना एकेक करून टिपून काढी.

स्पर्धा तोंडावर आली, तेव्हा मित्रांपैकी एकाने दुसरं कुणी बघायचं का, असं विचारलं. बाईंचा माइक बंद होता, कान नव्हते. टोळी गेली की उरणार होती ती फोनवरची हजेरी.

जावई टोळीचा म्होरक्या. मित्रांना तो वाट्टेल ते बोले, पण सासूला बोलायचं कसं? त्याने दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, “आई, तुम्ही थोडे दिवस साध्या चकमकीत हात बसवलात तर?”

साधी चकमक म्हणजे त्याच खेळाचं सोपं रूप. तिथे बॉम्ब नाही, डावपेच नाहीत, आपली टोळी नाही आणि माइकही नाही. जो दिसेल त्याच्यावर गोळी झाडायची. मूळ खेळात मेलेल्याने डाव संपेपर्यंत हात चोळत बसायचं. इथे मेला की लगेच उठून उभा. मरण शिंकेएवढं. आली, गेली, पुढचं काम.

बाई आधी नुसत्याच मरत. मग हाताला उमगत गेलं. टीप घालताना सुईकडे बघायचं नसतं, तिच्या पुढे बघायचं असतं. इथेही माणूस जिथून येणार तिथे नजर आधीच नेऊन ठेवायची. ऐकणारं कुणी नसल्यामुळे तोंडाचा पट्टा मोकळा होता. ये मेल्या, आलास? पळतोस कुठे? आणि मेला खरोखरच मरत होता.

स्पर्धेच्या दिवशी मात्र त्यांनी जीभ आवळून धरली. “जिन्याखाली एक गृहस्थ आहेत,” त्यांनी कळवलं. टोळीत कुणालाच काही कळेना. त्यातून बाईंचे हात लाकडासारखे झाले. गोळ्या छताला लागू लागल्या. तोंड बंद पडलं की हातही बंद पडतात, हे त्यांना मशीनवर कधी समजायचं कारणच आलं नव्हतं.

“आई, बरं नाही का?” मुलीने विचारलं.

“बरी आहे.”

“रागावलीस?”

“नाही गं.”

पुन्हा हजेरीच. एवढ्यात जावई पुढे सरकला आणि त्याच्या पाठीमागच्या दारातून एक जण बाहेर आला.

“मेल्या, मागे बघ!”

जावई गर्रकन वळला. पण त्याच्याआधी मागच्याला बाईंचीच गोळी लागली होती. सासूने जावयाला मेल्या म्हटलं होतं. बाईंच्या कानशिलांपर्यंत आग गेली. हेडफोन काढून न्हाणीघरात जाऊन बसावं, असं त्यांना वाटलं.

“आई,” जावई अदबीने म्हणाला, “मागचा वारला का?”

“वारला,” बाई म्हणाल्या.

तिथून टोळीची भाषाच फिरली. दोघे वारले, तिसरा मेला अजून दारामागे आहे, असं बाईंनी सांगितलं की कोण जिवंत आणि कोण नाही, याबद्दल कुणाला शंका राहीना. तरीही ते हरले, कारण समोरचे खरंच चांगले होते. दुसरं कुणी बघूया म्हणणाऱ्याने जाताना एवढंच विचारलं, “मावशी, उद्या बसणार ना?”

सगळे गेले. मुलगी मात्र राहिली. जावई स्वयंपाकघरात एकटाच हसत असल्याचं तिने सांगितलं.

“माझ्या मेल्या जिभेला हाडच नाही,” बाई म्हणाल्या. मुलगीही हसली, आणि मग कुणी विचारलं नसताना आपल्या ऑफिसातल्या एका खडूस बाईची गोष्ट सांगू लागली. ती गोष्ट लांबलचक होती.