एका ताग्यातले दोघं

अगं, अशी जवळ सरक. आणि तो मोबाइल आधी पालथा घाल. सर्कशीत मी तिकिटं फाडत होते, असं कुणी सांगितलं तुला? फाडणारे पुष्कळ होते. मी शिवणारी. सर्कशीची ड्रेसवाली अक्का.

तर धुळ्याचा मुक्काम. जनावरं बंद झाली तेव्हापासून खुर्च्या रिकाम्याच, त्यात बाजारात मंदी. मॅनेजरसाहेब म्हणाले, "अक्का, भिकाला नवा ड्रेस नको. रविवारचा शो झाला की त्याला घरी पाठवतोय."

भिका आमचा जोकर, पिंपळनेरचा. त्याचं काम भरतीचं. म्हणजे एक आयटम संपला की दुसऱ्याच्या दोऱ्या-तारा बांधून होईपर्यंत लोकांना हसवत ठेवायचं. आणि शोभा तारेवर चालणारी. ती रायपूरकडची, हिंदी बोलणारी. दोघं एकमेकांकडे बघत चहा गार करायची. बोलायची वेळ आली की आमचा जोकर एकदम गंभीर!

"तिला काही सांगितलंस का रे?" मी विचारलं.

"अक्का, नोकरी चाललेल्या माणसानं काय सांगायचं?"

मग मी मशीनवर बसले.

आमच्यात एक रीत आहे. एका आयटमच्या माणसांचे कपडे एकाच ताग्यातले. त्या दिवसांत माणसं सोडून जायची, आयटमचा क्रम रोज बदलायचा. म्हणून बँडवाले नाना आणि लाइटवाला, दोघंही कापड बघूनच चालायचे. जोकरची ठिगळं आली की जोकरची धून. शोभाचं जांभळं कापड आलं की जोकरची धून बंद, त्याच्यावरचा लाइटही बंद. आणि लाइट अंगावर असेपर्यंत रिंग सोडायची नाही, हा पक्का नियम.

जांभळ्या ताग्यात कापड उरलं होतं. भिकाची विजार मी त्यातच बेतली.

रविवारी शोभा तारेवर चढली. भिका रिंगबाहेर निघाला. पण विजार जांभळी, म्हणजे आयटम हाच, म्हणून लाइट त्याच्या मागे. तो डावीकडे, लाइट डावीकडे. नानांनी दोघांना मिळून एकच धून धरली. मॅनेजरसाहेब पडद्याआडून हात करतायत, "अरे, बाहेर ये!" येतो कसा?

बिचारा तारेखाली जाऊन उभा राहिला. त्याची जांभळी विजार बघून शोभाला आलं हसू. हातातली छत्री डगमगली, पाय सरकला! रिंगमध्ये हिंदीच बोलायचं असा साहेबांचा हुकूम. पण भिकाच्या तोंडची हिंदी पळाली.

"घाबरू नको! पडनी ते मी शे ना आठे!"

आपल्या घरची अहिराणी बोली ऐकून अख्खा तंबू खदखदला. शोभानं तोल सावरला आणि वरूनच विचारलं, "शे मतलब?"

मागच्या बाकावरून एक आबा ओरडले, "है, बेटी, है! झेलनेकू है!" मग काय, सगळा तंबूच ओरडायला लागला, "है! है!"

"कब तक है?" शोभा तारेवरच उभी.

भिकानं पडद्याकडे बोट केलं. "वो सेठ को पूछ!"

लाइटवाला भारी वस्ताद. त्यानं लाइट सरळ साहेबांवर टाकला. आता नियम त्यांचाच. पळायचं कुठे? साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "है भई, है!"

तेव्हा कुठे शोभानं तार पार केली.

नंतर साहेब माझ्यापुढे येऊन उभे. "अक्का, दोघांचं कापड एकच कसं?"

"मंदी ना, साहेब. दुसरं आणलं असतं तर ओरडला असतात."

साहेबांनी मिशीतलं हसू दाबलं. "उद्याही हेच कापड ठेवा."

तोच आयटम पुढे चालला, भिका राहिला. जळगावच्या मुक्कामात दोघांचं लग्नही लागलं. माझ्या धंद्यानं मला शिकवलं ते एवढंच, की उरलेलं कापड फेकू नये.

आता सर्कशीचा मुक्काम रावेरला आहे, केळीच्या गाड्या भरतात त्या जागेमागच्या मैदानात. तिकडे लवकर ये, आणि आल्या आल्या मला माप देऊन टाक. लाइटवाला अजून एकटाच आहे, आणि ताग्यात कापड उरलंय.