पायाखालच्या शेगड्या

आलेइदा बोन्स्त्रा सव्वीस वर्षं त्या उंच, जुन्या चर्चच्या दाराशी बसत आली. आल्यागेल्याला कमानी दाखवायच्या, फरशीतल्या थडग्यांवरची झिजलेली नावं वाचून दाखवायची. कधी कुरकुर नाही. पण नोव्हेंबरात दारावर विश्वस्तांचा कागद लागला आणि तिचं डोकंच फिरलं. चर्च तापवणं परवडत नाही, म्हणून हिवाळाभर रविवारची उपासना शाळेच्या हॉलमध्ये. पाहुण्यांसाठी मात्र चर्च रोज उघडं!

तिने विश्वस्तांचे अध्यक्ष फेनेमा यांना रस्त्यातच गाठलं. "बघायला येणाऱ्यांना चर्च, आणि देवाचं नाव घेणाऱ्यांना शाळेचा हॉल?"

"बाई, पाहुणे वीस मिनिटांत जातात. तुमची मंडळी दीड तास बसते. म्हातारी माणसं आजारी पडतील."

"म्हाताऱ्यांची काळजी तुम्हाला कधीपासून वाटायला लागली?"

चर्चमध्ये काचेच्या कपाटात चौदा लाकडी शेगड्या होत्या. वर भोकं, आत निखाऱ्यांचं मातीचं भांडं. आलेइदाची आजी दर रविवारी त्या पेटवून बायकांच्या पायाखाली सरकवायची. त्यावरच तिचं पोट चालायचं. आता खाली पाटी होती, 'हात लावू नये.'

रविवारी सकाळी आलेइदाने कपाट उघडलं, अंगणात निखारे फुलवले, शेगड्यांत भरले आणि एकेक शेगडी खुर्चीपुढे मांडली. हॉलकडे निघालेली म्हातारी मंडळी धूर पाहून वळली.

"आलेइदा, माझा झगा पेटला तर गं?" शेजारीण योहाना म्हणाली.

"पेटू दे. तेवढीच ऊब."

फेनेमा धापा टाकत आले. "संग्रहातल्या वस्तू आहेत त्या! आधी विझवा!"

"संग्रहातल्या? माझ्या आजीच्या हाताला फोड आलेत यांनी! कपाटात थंड पडल्या म्हणून तुमच्या झाल्या होय?"

"पाळक तिकडे हॉलमध्ये थांबलेत."

"एकटेच ना?"

तेवढ्यात पाळक बायबल काखेत मारून आत आले. फेनेमा म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्हीच समजवा हिला."

पाळकांनी शेगड्यांकडे पाहिलं, गळ्यातला मफलर आणखी घट्ट केला आणि सरळ व्यासपीठाची पायरी चढले. माणसं स्तोत्राची पानं उलटू लागली.

फेनेमांचा चेहरा लाल झाला. "आलेइदाबाई, चर्चची किल्ली द्या. उद्यापासून दाराशी बसायचं नाही."

आलेइदाचा आवाज चढला. "देते. उपासना झाल्यावर. आत्ता बसा, नाहीतर निघा. पण ते दार लोटा आधी, ऊब चालली सगळी!"