आईसाठी टाकलेले शॉकअप

वालीवच्या गॅरेजमधले ते मिस्त्री गाडी आली की आधी तिचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडायचे आणि ती किती उसळते ते बघायचे. मगच बोलायचे. आमची छोटी गाडी पंधरा वर्षं त्यांच्याकडेच जायची.

गेल्या महिन्यात ती विकायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "नवे शॉकअप टाकू या, भाव चांगला येईल."

"घेनारा रंग बगतो, टायर बगतो. शॉकअपचे पैसे कोन देतो? हायेत ते चांगले हायेत."

"पण पाच-सहा वर्षांपूर्वी मागचे शॉकअप तुम्हीच आग्रहानं बदलले होते."

"ते तुज्या आईसाठी. कमरेचं ऑपरेशन झालेलं तिचं. ट्रायलला मागं बसली होती. खड्डा आला का डोले मिटायची, पन बोलायची नाय."

तिला गाडीत खड्डे इतके लागायचे, हे मला ठाऊकच नव्हतं. आईला जाऊनही आता चार वर्षं झाली.

मिस्त्रींनी मला मागे, तिच्या जागेवर बसवलं आणि स्वतः गाडी चांदीपच्या उखडलेल्या रस्त्यावर नेली. "बग, अजून खड्डा लागत नाय," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी गाडी विकली. भाव बाजारातला नेहमीचाच आला. घेणाऱ्याबरोबर त्याचे म्हातारे वडील आले होते. ते पुढे बसायला निघाले, तेव्हा मी मागचं दार उघडून धरलं आणि म्हटलं, "बाबा, इथे बसा. इथे बरं वाटेल."