अकोल्याच्या पाण्यात लाल उतरेना

गेल्या आठवड्यात अकोल्यात माझी चांगलीच जिरली... तीही धाकट्या बहिणीच्या अंगणात, भरदुपारी.

आम्ही अमरावतीचे रंगारी. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून वऱ्हाडात ज्याला त्याला लग्नात करडईच्या फुलांनी रंगवलेलं लाल, कुसुंबी पागोटंच हवं, त्यामुळे हाताला उसंत नाही. बहीण सगुणा अकोल्याला दिलेली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून रंगाच्या कुंड्या ती एकटीच सांभाळते.

एकट्या बाईने दुकान चालवावं हे मला काही पटत नव्हतं. म्हणून कापसाच्या बैलबंड्यांसोबत निघालो, ते तिला कायमची घरी आणायला. आणि हो, बाबांची पितळी वाटी बरोबर घेतली होती. आमच्या घरचं खाराचं आणि लिंबाचं माप तीच.

सगुणाकडे एका पाटलाच्या घरची अकरा पागोटी आलेली होती, व्याह्यांच्या मानाची. माणूस दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. ती म्हणाली, एवढं काम होऊ दे, मग बोलू. मी म्हटलं, काम मी करतो, तू सामान बांध.

"बिघडली तर अकोल्यात मले कोणी चिंधी बी रंगवाले देणार नाई," एवढंच ती म्हणाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. करडईच्या फुलात दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात धुऊन निघतो, तो फेकून द्यायचा. लाल मात्र पापडात घालतात त्या सज्जीखाराच्या पाण्यातच उतरतो, आणि त्यात लिंबू पिळून खार मारला तरच कापडावर बसतो.

फुलं धुवायला घेतली तेव्हा सगुणाने दोनदा सांगितलं, की इथे धुण्याच्या पाण्यातही थोडं लिंबू लागतं आणि पुढचं मापही वेगळं. मी कशाला ऐकतोय... जिला कुंडी ढवळायला मी शिकवलं, ती मला माप सांगणार?

धुण्याचं पाणी नालीतून वाहायला लागलं, तर ते नुसतं पिवळं नव्हतं, त्यात लालसर झाक होती. सगुणा नालीकडे बघत राहिली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग मोजून वाटीभर सज्जीखार, मोजून लिंबाचा रस, आणि पागोटी कुंडीत. लाल काही चढेना. काढ्यात बुडवल्यासारखा मळकट रंग... मी आधी फुलांना नावं ठेवली, मग फुलं विकणाऱ्याला. आमच्याकडे लाल कमी उतरला की खार वाढवतात, म्हणून आणखी अर्धी वाटी टाकली. रंग होता त्याहून मेला.

आता मात्र मला घाम फुटला. अकरा पागोटी कुंडीत, आणि उद्या पाटलाचा माणूस दारात.

सगुणा आतून हळद लावलेल्या दोऱ्याचे तुकडे घेऊन आली. एक विहिरीच्या पाण्यात टाकला, तो हळूहळू तांबूस झाला. दुसरा रांजणात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात टाकला, तो पिवळाच राहिला. मी म्हटलं, तुमच्या विहिरीचं पाणी खारट आहे, मिठाने होत असेल. तिने पावसाच्या पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं, दोरा पिवळाच. दुसऱ्या भांड्यात चिमूटभर सज्जीखार टाकला, दोरा झटकन लाल. त्यावर लिंबू पिळलं... पाणी फसफसलं, आणि फेस बसल्यावर आणखी थोडं पिळलं तर दोरा पुन्हा पिवळा.

"दादा, मीठ पाण्यात निवांत बसते. खार बसत नाई, तो लिंबू खाते. आमच्या विहिरीत दोनी हायेत. तू वाटीनं मोजून टाकला, पण विहिरीनं आधीच टाकून ठेवला होता."

चाळीस वर्षांचा रंगारी मी, कुंडीपाशी उभा राहून नुसता ऐकत होतो. खरं सांगतो, लाज वाटली.

मग दोघं बसून लिंबं पिळली. ती संपली तेव्हा चिंचेचं पाणी गाळून ओतलं. ती थोडं ओतायची, दोरा बुडवायची, थेंब जिभेवर ठेवायची, पुन्हा ओतायची. कुंडी फसफसत होती. फेस बसला आणि कापडावर लाल धरायला लागला, पण फिका. अर्धा लाल तर मी नालीत सोडला होता.

तेव्हा तिने माळ्यावरून एक गाठोडं काढलं. सकाळीच लिंबाच्या पाण्यात धुऊन, पिळून ठेवलेली फुलं... मी विचारलं, ही काहून ठेवली?

"तू आयकणार नाई, हे ठाऊक होतं."

त्या फुलांचा लाल तिच्या मापाने उतरवून कुंडीत ओतला, आणि संध्याकाळपर्यंत अकराही पागोटी हवी तशी लाल झाली. सकाळी पाटलाच्या माणसाने एक पागोटं उन्हात धरून पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या लग्नाचं कामही सांगून गेला. माझ्या सांगण्यावरून बांधलेलं सामान सगुणाने माझ्यासमोरच सोडलं, आणि मीही गाठी सोडवू लागलो.

निघताना बाबांची वाटी तिच्या हातात ठेवली. म्हटलं, ही तुझ्याकडे शोभेल. तिने ती पदराने पुसली, कपाळाला लावली आणि माझ्या पिशवीत परत घातली.

"मले हिचा उपयोग नाई, दादा. तुले हाय."

घरी आलो तो पाय धुवायच्या आधी हळदीचा दोरा मागितला. घरच्यांना वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. आमच्या विहिरीच्या पाण्यात तो बराच वेळ धरून बसलो. पिवळाच राहिला.

बाबांचं माप चुकलं नव्हतं. ते फक्त या एका विहिरीचं होतं... आणि मी ते घेऊन बहिणीला शहाणपण शिकवायला निघालो होतो. सगुणा, तू मला वेळेत सावरलंस, हे उपकार विसरणार नाही.